सीमापार उद्यान वेगळं, सीमापार संवर्धन क्षेत्र वेगळं

ट्रान्सफ्रंटियर पार्क आणि ट्रान्सफ्रंटियर कॉन्झर्व्हेशन एरिया हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. मराठीत म्हणायचं तर सीमापार उद्यान आणि सीमापार संवर्धन क्षेत्र. देशांच्या सीमा जनावरांना कळत नाहीत, म्हणून देशांनीच हातमिळवणी करायची, इथवर दोन्ही सारखी. आत कोण राहतं हे विचारलं की फरक दिसायला लागतो.

उद्यानाचं चोख उदाहरण क्गालागादी. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९९९ मध्ये त्याचा करार केला, पण खरं तर हे लग्न फार आधीच जमलेलं होतं. दोन्हीकडे राष्ट्रीय उद्यानं होती, मधे सीमा म्हणून नोसोब नदीचं कोरडं पात्र, आणि १९४८ पासूनची तोंडी समजूत. पात्रालगतच्या रस्त्यानं गाडी नेताना आपण नेमके कुठल्या देशात आहोत हे सांगता येत नाही. पासपोर्टवर शिक्का लागतो तो दुसऱ्या देशाच्या फाटकातून बाहेर पडायचं असेल तरच. इथे भागीदार मुख्यतः दोन देशांची उद्यानखाती. ‘मुख्यतः’ अशासाठी, की २००२ च्या करारानं उद्यानातली काही जमीन सान आणि मियर समाजांना परत मिळाली.

संवर्धन क्षेत्राचा मामला निराळा. कावांगो-झांबेझी क्षेत्र, म्हणजे काझा, घ्या. अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे यांनी त्याच्या तहावर २०११ मध्ये सह्या केल्या. विस्तार सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटर. त्यात राष्ट्रीय उद्यानं आहेत, तशीच शेतं, गुरं, गावं आणि शिकारीसाठी राखलेली रानंही आहेत. २०२२ च्या हवाई गणनेत इथे सुमारे २ लाख २८ हजार हत्ती निघाले, आणि हे हत्ती रात्री मक्यात शिरतात. मग गावकरी हत्तीच्याच शेणात मिरची कालवून विटा थापतात, वाळवतात आणि शेताच्या कडेला पेटवतात. धुराचा ठसका लागला की हत्ती मागे फिरतो. (फिरतोच असं नाही.) या विटा थापणारा माणूस इथला भागीदार आहे. तो रुसला तर पाच देशांच्या सह्यांना काय किंमत?

कुंपणाचंही तसंच. उद्यानात मधलं कुंपण काढणं हे यश मानलं जातं. काझात मात्र काही कुंपणं गुरांसाठी आहेत. रानरेड्यांकडून गुरांना लाळ्या-खुरकूत लागू नये म्हणून ती घातली, कारण रोग पसरला की गोमांसाची निर्यात अडते. हत्तींची वाट मोकळी करायची तर आधी गुरं पाळणाऱ्यांशी आणि पशुवैद्यकीय खात्याशी बोलावं लागतं. वन्यजीव खात्यानं एकट्यानं ठरवून भागत नाही.

आता गोंधळाचं मूळ. ग्रेट लिंपोपो हे नाव दोन्हींना आहे: एक उद्यान आणि त्याला कवेत घेणारं मोठं संवर्धन क्षेत्र. उद्यानाचा करार मोझांबिक, दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे यांनी २००२ मध्ये केला. पण मोझांबिककडचा भाग आधी शिकारीचं रान होता आणि तिथे शिंग्वेत्सी नदीकाठी गावं नांदत होती. माझ्या मते तिथे क्षेत्राची चौकट अधिक शोभली असती. नकाशावर ‘उद्यान’ लिहिलं गेलं, आणि मग त्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला.