हिप-हॉप स्त्रीवाद

रॅप म्हणजे ठेक्यावर बोलल्यासारखे गाणे जिच्या केंद्रस्थानी आहे त्या हिप-हॉप संस्कृतीच्या आत राहून, त्या संगीतावर प्रेम करत आणि त्यालाच जाब विचारत अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी घडवलेली स्त्रीवादी विचारधारा. ही संज्ञा रूढ झाली ती जोन मॉर्गन यांच्या १९९९ मधील ‘व्हेन चिकनहेड्स कम होम टू रूस्ट’ या निबंधसंग्रहामुळे. मॉर्गन यांचा जन्म जमैकातला, तर बालपण न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधले. ‘द व्हिलेज व्हॉइस’ आणि ‘व्हाइब’ या नियतकालिकांतून त्यांनी वंश, लिंगभाव आणि रॅप यांवर सातत्याने लिहिले. ज्या गाण्यात बाईला शिवी आहे त्याच गाण्याच्या ठेक्यावर आपले पाय थिरकत असतील तर स्त्रीवादी बाईने काय करावे, हा प्रश्न त्यांनी न लाजता विचारला.

हिप-हॉप ही पुरुषांची निर्मिती असून स्त्रिया तिच्यात मागाहून आल्या, ही समजूत मुळातच चुकीची आहे. या संस्कृतीचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात आणि नाव घेतात डीजे कूल हर्क यांचे. पण ब्राँक्समधील १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतली ती पार्टी भरवली होती त्यांची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने, शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून. हाताने लिहिलेल्या निमंत्रणावर मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा प्रवेशदर होता. पुढे १९७९ मध्ये रॅपची पहिली गाजलेली तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या सूत्रधार सिल्व्हिया रॉबिन्सन होत्या. १९८४ मध्ये रॅपर रॉक्सॅन शान्टे हिने पुरुषांच्या गाण्याला रोखठोक उत्तर दिले तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती.

वैचारिक पेच उघड झाला तो १९९० मध्ये. ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाचा अल्बम फ्लोरिडातील न्यायालयाने अश्लील ठरवला आणि गटातील गायकांना अटक झाली. कायदेतज्ज्ञ किम्बर्ली क्रेनशॉ यांनी त्यावर लिहिताना दोन्ही गोष्टी एकदम म्हटल्या : नेमक्या कृष्णवर्णीय कलावंतांवर झालेल्या या कारवाईत वंशवाद आहे, आणि ती गाणी स्त्रियांवरील हिंसेला हसण्यावारी नेतात. समाजाची बाजू की स्वतःची, यांतून एकच निवडण्याची सक्ती कृष्णवर्णीय स्त्रीवर का, हा त्यांचा सवाल हिप-हॉप स्त्रीवादाच्या मुळाशी आहे.

मॉर्गन यांनी तो सवाल घरात आणला. रॅप करणारे तरुण त्यांना परके नव्हते. ते त्यांच्याच गल्लीतले, त्यांच्याच पिढीचे होते. त्यांच्या उद्दाम शब्दांखाली गरिबी, तुरुंग आणि अकाली मृत्यू यांचे दुःख आहे, असे त्या मानतात, पण त्या दुःखाची सबब करून अपमान माफ करत नाहीत. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या जागेत उतरणारा स्त्रीवाद त्यांना हवा होता आणि पुरुषप्रधानतेचे फायदे स्त्रियाही कशा घेतात, हेही त्यात तपासायचे होते. त्यांच्या लेखनाचे खरे बळ या प्रामाणिकपणात आहे.

हा विचार कागदावर राहिला नाही. २००४ मध्ये अटलांटातील स्पेलमन या कृष्णवर्णीय महिलांच्या महाविद्यालयात रॅपर नेली यांच्या संस्थेतर्फे अस्थिमज्जादात्यांची नोंदणी व्हायची होती. त्यांच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग होता. त्यांच्या एका गाण्याच्या व्हिडिओत स्त्रीच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड फिरवलेले दाखवले होते. नोंदणीला या, पण त्या दृश्याबद्दल आमच्याशी बोला, असा आग्रह विद्यार्थिनींनी धरला. संस्थेने कार्यक्रमच रद्द केला. मदत नाकारल्याचा ठपका विद्यार्थिनींवर आला, तरी वाद देशभर पोहोचला आणि २००५ मध्ये ‘इसेन्स’ मासिकाने संगीतातील स्त्रीप्रतिमेवर वर्षभराची मोहीम चालवली.

विद्यापीठीय अभ्यासात ट्रिशिया रोझ आणि ग्वेन्डोलिन पो यांनी या विषयाला पाया दिला. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘क्रंक फेमिनिस्ट कलेक्टिव्ह’ या स्त्रीवादी गटाने तो अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या अनुभवाशी जोडला. मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा केवळ स्त्रियांचा हिप-हॉप गट मराठीसह अनेक भाषांत रॅप करतो.

सध्याचा मुख्य मतभेद देहसुखाविषयी आहे. स्त्री रॅपर आपल्या कामेच्छेबद्दल उघडपणे गाते तेव्हा ती स्वतःच्या शरीरावर हक्क सांगते की बाजाराला हवे तेच विकते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मॉर्गन यांनी मात्र आपल्या पुढील लेखनात सुखाचा विचार हा कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा अविभाज्य भाग मानला आहे.