एअरफ्लोमधील पायथन स्क्रिप्ट

अपाची एअरफ्लो हे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने कामे चालवणारे मुक्तस्रोत साधन आहे. पायथन भाषेत स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट त्यात एक टास्क, म्हणजे एक काम, म्हणून बसवता येते. एअरबीएनबी कंपनीत २०१४ साली माक्सिम बोशमँ यांनी त्याची सुरुवात केली. २०१६ मध्ये ते अपाची प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेले आणि २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

त्याआधी अशी कामे बहुधा क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या युनिक्स-लिनक्सच्या साधनावर, सोपवलेली असत. क्रॉन फक्त घड्याळ पाहतो. दोनची स्क्रिप्ट लांबली तरी तीनची आपल्या वेळेला सुरू होते आणि अर्धवट माहितीवर हिशेब करून मोकळी होते. एअरफ्लोमध्ये टास्कांचे अवलंबित्व लिहून ठेवतात. त्या आराखड्याला ‘डॅग’ म्हणतात आणि तोही पायथनमध्येच लिहितात. आधीचे टास्क यशस्वी झाल्याशिवाय पुढचे सहसा सुरू होत नाही.

फंक्शन टास्क म्हणून चालवण्याचा जुना मार्ग म्हणजे ‘पायथनऑपरेटर’. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून फंक्शनच्या डोक्यावर ‘टास्क’ हा डेकोरेटर, म्हणजे वरच्या ओळीत लिहायची खूण, लावला की भागते. टास्क फसले तर ते किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा चालवायचे, हेही तिथेच सांगता येते.

खरी मेख या पुन्हा चालवण्यातच आहे. समजा, टास्क दिवसाच्या विक्रीच्या ५०० ओळी तक्त्यात भरते आहे. ३०० ओळी पक्क्या झाल्या आणि जोडणी तुटली. दुसऱ्या प्रयत्नात पाचशेच्या पाचशे ओळी पुन्हा भरल्या जातात, म्हणजे तक्त्यात ८०० होतात. टास्क मात्र हिरवे, म्हणजे यशस्वी, दिसते! म्हणून त्या तारखेच्या ओळी आधी काढून मग नव्या भराव्यात, आणि ही दोन्ही कामे डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) करावीत, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. तारीखही ‘आत्ता’ विचारून घेऊ नये, एअरफ्लो त्या रनसाठी, म्हणजे डॅगच्या त्या फेरीसाठी, देतो तीच वापरावी. नाहीतर सोमवारचा फसलेला रन बुधवारी चालवला की तो बुधवारचीच माहिती उचलतो. स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच यायला हवा. ही शिस्त नसेल तर एअरफ्लोची सारी सोय उलटी अंगावर येते.

फंक्शनबाहेर लिहिलेला कोड ही नवशिक्यांची नेहमीची चूक. डॅगच्या फायली एअरफ्लो पुन्हा पुन्हा वाचतो. दोन वाचनांमधले किमान अंतर मूळ मांडणीत ३० सेकंदांचे असते. डेटाबेसची जोडणी फंक्शनबाहेर उघडली, तर रन नसतानाही ती दिवसभर उघडत राहते.

वेळापत्रक मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालते. मध्यरात्रीचा रन पुण्यात पहाटे ५:३० वाजता सुरू होतो. स्थानिक वेळ हवी असल्यास डॅगला ‘एशिया/कोलकाता’ हा वेळपट्टा द्यावा लागतो.

टास्कांमधली देवाणघेवाण ‘एक्सकॉम’मधून होते. मूळ मांडणीत त्यातला मजकूर एअरफ्लोच्या स्वतःच्या डेटाबेसात साठतो, म्हणून त्यातून फाइलचा पत्ता पाठवावा, अख्खा तक्ता नव्हे. पत्ताही सर्वांना पोहोचता येईल अशा साठ्यातलाच हवा, कारण पुढचे टास्क वेगळ्या यंत्रावर चालू शकते आणि पहिल्या यंत्राच्या डिस्कवरची फाइल त्याला सापडणार नाही.

दोन स्क्रिप्टना एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागत असतील, तर ‘पायथनव्हर्च्युअलएन्व्हऑपरेटर’ टास्कासाठी स्वतंत्र वातावरण, म्हणजे लायब्ररींचा वेगळा संच, उभे करतो. त्यात वेळ जातो; आधीच तयार असलेले वातावरण वापरायचे असल्यास ‘एक्स्टर्नलपायथनऑपरेटर’ सोयीचा पडतो.