जुन्या लष्करी ट्रकमधील गिअर ऑइलची पातळी

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या काही दशकांत सैन्यासाठी बांधलेल्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये व ट्रान्सफर केसमध्ये तेल किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरावीक काळाने पाहण्याची प्रक्रिया. १९४१ ते १९४५ या काळात ५ लाखांहून अधिक बनलेला जीएमसी सीसीकेडब्ल्यू किंवा त्याच्यानंतर आलेला एम३५ हे सहाही चाकांना शक्ती पुरवणारे ट्रक. त्यांत गिअरबॉक्स, शक्ती पुढे-मागे वाटणारा ट्रान्सफर केस आणि तीन अ‍ॅक्सलमधील डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना शक्ती वाटणारी दातेरी चक्रांची रचना) यांचे तेल वेगवेगळे असते. एकातली पातळी पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

बहुतेक साध्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. पेटीच्या बाजूला असलेले फिलर प्लगचे छिद्र हीच पातळीची खूण. ट्रक सपाट जागी उभा करून चाकांना अडण लावतात. प्लगभोवतीची माती आधी पुसून काढावी लागते, कारण प्लग निघताच ती आत पडते. तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवे. दिसत नसेल तर बोट वाकवून आत घालून पाहतात. ट्रक नुकताच चालून आला असेल तर तेल दातांना चिकटलेले असते, म्हणून थोडा वेळ थांबणे बरे. तेल बदलताना फिलर प्लग सुटतो याची खात्री करूनच तळाच्या ड्रेन प्लगला (तेल काढून टाकण्याच्या बुचाला) पाना लावावा. वर्षानुवर्षे न उघडलेला फिलर प्लग अडकला आणि तेल मात्र वाहून गेले, तर ट्रक जागीच अडकतो. एम१३५ मधील हायड्रामॅटिकसारख्या स्वयंचलित गिअरबॉक्सची रीत निराळी असून ती त्या ट्रकच्या पुस्तिकेप्रमाणेच पाळावी.

पातळी घटली की सगळेच गळती शोधतात. खरे लक्ष द्यायला हवे ते वाढलेल्या पातळीकडे. हे ट्रक नदी-नाल्यांतून जाण्यासाठी बांधलेले. तापलेली पेटी थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढले जाते. अशा तेलाला दूध घातलेल्या चहासारखा रंग येतो. ट्रक रात्रभर उभा राहिला असेल तर सकाळी ड्रेन प्लग किंचित सैल करताच आधी पाणी ठिबकते, कारण ते तळाशी बसलेले असते. ब्रीदर (पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणारे छोटे छिद्र) चिखलाने बुजला असेल तर उलटे घडते: आत दाब वाढून तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. एम३५ मध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला असतो. तिथले सील गळले की ब्रेक तेलाने भिजतो, म्हणून ही गळती किरकोळ समजू नये. गरजेपेक्षा जास्त तेल भरल्यास ते घुसळून फेसाळते, तापते आणि क्लचपर्यंत पोचू शकते.

कोणते तेल, हा वादाचा विषय. १९६२ च्या अमेरिकन लष्करी मानक एमआयएल-एल-२१०५बीच्या पातळीचे जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) तेल डिफरन्शियलच्या दातांवरचा प्रचंड दाब पेलते. मात्र त्यातील गंधकयुक्त घटक तापमान वाढल्यावर पितळ व कांस्याला खाऊ शकतात. सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणारी, बहुधा पितळ-कांस्याची कडी) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ‘अधिक चांगले’ म्हणून जीएल-५ ओतणे चुकीचे. निचरा झालेल्या तेलात लोहचुंबकाला चिकटणारा करडा, मऊ लगदा ही नेहमीची झीज. सोनेरी कण चुंबकाला चिकटत नाहीत. ते दिसले तर पितळ-कांस्याचा भाग झिजतो आहे असे समजावे.

या ट्रकांचे गिअर एकमेकांवर तेल उडवूनच वंगण मिळवतात, आणि यातच संग्राहकांची मोठी गफलत होते. शेडमध्ये न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवल्याने गिअरबॉक्सचा काउंटरशाफ्ट (इंजिनाने फिरणारा, तेल उडवणारा आतला दांडा) फिरतो, पण ट्रान्सफर केस कोरडाच राहतो. त्यासाठी ट्रक काही किलोमीटर चालवावा लागतो. चाके जमिनीवर ठेवून ओढून नेताना याच्या उलट होते. इंजिन बंद असल्याने काउंटरशाफ्ट थांबलेला असतो, मुख्य शाफ्ट (शक्ती बाहेर देणारा दांडा) मात्र चाकांमुळे मागून फिरत राहतो आणि त्याच्या बेअरिंगांना तेल मिळत नाही. त्यामुळे ट्रक लांब ओढून नेण्याआधी प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलला जोडणारा लांब दांडा) काढून ठेवतात.