वेगवेगळ्या कंपन्यांचे नेटवर्क स्विच एकमेकांशी बोलत नाहीत?

‘सगळे स्विच एकाच कंपनीचे घ्या, नाहीतर जुळत नाहीत’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. इथरनेट (केबलने जोडलेलं नेटवर्क), ८०२.१क्यू व्हीलॅन टॅगिंग (एकाच नेटवर्कमध्ये केलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कची, म्हणजे व्हीलॅनची, डेटावर लावलेली खूण), एलएसीपी (अनेक केबल मिळून एक जोडणी करण्याची पद्धत) ही सगळी खुली मानकं आहेत, म्हणजे कोणतीही कंपनी ती वापरू शकते.

घोळ बहुतेकदा शब्दांचा असतो. सिस्कोमध्ये ‘ट्रंक’ म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्हमध्ये ‘ट्रंक’ म्हणजे अनेक केबल मिळून केलेली एक जोडणी. आपण दोन्हीकडे इमानेइतबारे ‘ट्रंक’ लावतो, दिवा हिरवा होतो आणि टॅग केलेल्या व्हीलॅनचा पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) काही जात नाही. दोष मग कंपनीच्या माथी!

दुसरं हमखास कारण डुप्लेक्सचं. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी डेटा, हाफ म्हणजे आळीपाळीने. एक टोक १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर पक्कं केलं आणि दुसरं ऑटोवर (आपोआप ठरवण्यावर) सोडलं, तर ऑटोवालं वेग ओळखतं, पण हाफ डुप्लेक्सवर जातं. पिंग व्यवस्थित, मोठी फाइल मात्र रखडते. ऑटोवाल्या पोर्टच्या काउंटरमध्ये ‘लेट कोलिजन’ (डेटाची उशिरा झालेली टक्कर) वाढताना दिसले की चोर सापडला. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा.

समजात तथ्य आहे ते एवढंच: पीएजीपी (एलएसीपीसारखंच केबल एकत्र करणारा) आणि व्हीटीपी (व्हीलॅनची यादी सगळ्या स्विचवर पसरवणारा) हे सिस्कोचे घरचे प्रोटोकॉल. मिश्र नेटवर्कमध्ये पीएजीपीऐवजी एलएसीपी वापरा आणि व्हीलॅन प्रत्येक स्विचवर हाताने तयार करा.