गोचीड काढायची ती सरळ वर ओढून

डिसेंबर ते मे हे माकडतापाचे दिवस, आणि काजूचा हंगामही त्यातच येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. आता तो सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीतही आढळतो. माणसाला तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. चावणारी बहुधा तिची पिल्लावस्था असते. ती तिळाहून लहान, त्यामुळे नजरेतून सहज सुटते. बागेतून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कंबरपट्ट्याखालची जागा, कानामागे आणि केसांत बोटे फिरवून नीट तपासावे.

गोचीड कातडीत सोंड खुपसते. सोंडेवर मागे वळलेले काटे असतात, आणि अनेक जाती लाळेतल्या चिकट द्रव्याने ती जागच्या जागी पक्की करतात. म्हणून हिसका दिला की धड हातात येते आणि सोंड आत राहते.

बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. भुवयांचा पसरट असेल तर टोकाच्या कोपऱ्याने धरावे. पकड अगदी कातडीलगत, तोंडाजवळ हवी. फुगलेले पोट दाबले तर आतला द्रव जखमेत जाऊ शकतो. मग पीळ न देता सरळ वर, सावकाश, एकसारख्या जोराने ओढावे. कातडी थोडी वर उचलली जाते. तिथेच जोर धरून ठेवला की काही सेकंदांत पकड सुटते. गोचीड काढायचा खास आकडा मात्र फिरवण्यासाठीच बनवलेला असतो, तो चिमट्यासारखा ओढू नये. चिमटा नसेल तर कापड किंवा हातमोजा घालून कातडीलगत धरावे.

रॉकेल, तेल, चुना, पेटती उदबत्ती यांपैकी काहीही लावू नये. अजूनही हे सर्रास केले जाते, आणि ते घातकच आहे: डिवचलेली गोचीड जखमेत आणखी लाळ सोडू शकते, शिवाय वेळ जातो. ती जितकी जास्त वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो.

सोंडेचा तुकडा राहिलाच आणि चिमट्याने सहज निघत नसेल, तर सुईने कोरत बसू नये. कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने धुवावेत, जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावावे. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये, स्पिरिटमध्ये बुडवावी.

माकडतापाची लक्षणे साधारण ३ ते ८ दिवसांत दिसतात: अचानक थंडी-ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, कधी नाका-हिरड्यांतून रक्त. असे झाले तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा, आणि गोचीड कधी, कुठे चावली हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

कुत्र्याची गोचीड काढायची पद्धत हीच. केस बाजूला सारून कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी शोधावे. पण कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीची मादी खाली उतरून भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते, त्यामुळे झोपायची जागाही साफ करावी लागते. कुत्रा मलूल झाला, खाईना, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर पशुवैद्याकडे न्यावे. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे पर्मेथ्रिन असलेले औषध तिला कधीही लावू नये. मांजरासाठी ते विष आहे.