कार्बन सायकलची सीट खाली सरकणे

कार्बन फ्रेमच्या (कार्बन तंतूंचे थर चिकटवून बनवलेल्या) सायकलवर सीटचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, चालवता चालवता फ्रेमच्या नळीत खाली उतरत जातो, त्याला सीटपोस्ट स्लिप होणं म्हणतात. हे धपकन होत नाही, मिलिमीटर मिलिमीटरने होतं, म्हणून चाळीसगावहून कन्नड घाटाकडे निघालेल्याला आधी काही कळत नाही, गुडघा कुरकुरायला लागला की मग तो सीटकडे बघतो. खात्री करायची तर क्लॅम्पच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी दांडा आवळून धरणाऱ्या कड्याच्या, बोटभर वर दांड्याला इलेक्ट्रिकल टेपचा वेढा मारायचा आणि राईडच्या आधी-नंतर अंतर मोजायचं.

जळगाव-धुळ्याकडे यावर पहिला सल्ला ठरलेला, "आवळ ना भो अजून". लोखंडी सायकलला तो चालतो, कार्बनला नाही, कारण कार्बन चिरडला तर आतले थर सुटतात आणि बाहेरून दिसतही नाही. क्लॅम्पवर टॉर्कची, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळायचा त्याची, मर्यादा छापलेली असते, बहुतेक 5-6 न्यूटन मीटरच्या आसपास, आणि दांड्यावर वेगळा आकडा असेल तर दोन्हीतला कमी धरायचा. हाताच्या अंदाजाने हे जमत नाही, टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, लागतोच.

खरा उपाय घर्षण वाढवण्याचा. कार्बन पेस्ट म्हणजे बारीक कडक कण मिसळलेली जेल, ते कण दोन्ही पृष्ठभागांना पकडतात आणि कमी टॉर्कमध्ये दांडा जागेवर राहतो. आधी उंची मोजून ठेवायची, दांडा काढायचा, दांडा आणि नळीचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा (आपल्याकडे मे महिन्यात धूळ आणि घाम मिळून तिथे जो राप बसतो तो बघण्यासारखा असतो), मग पातळ थर लावून दांडा बसवायचा आणि थोडं थोडं करत आवळायचं. दांड्याला ग्रीस अजिबात नको, पण क्लॅम्पच्या बोल्टच्या आट्यांना मात्र थोडं हवं, हे लोक बरोबर उलटं करतात. आटे कोरडे असले की रेंचचा जोर तिथल्याच घर्षणात जातो, आकडा पूर्ण दिसतो आणि पकड ढिलीच राहते.

तरी सरकत असेल तर व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापं घ्यायच्या साधनाने) दांड्याचा व्यास मोजावा. 27.2 मिलिमीटरच्या फ्रेममध्ये 27.0 चा दांडा डोळ्याला ठीकच वाटतो, पण तो कधीच नीट धरणार नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून मध्ये घालायचा जुगाड कार्बनमध्ये करू नये, पत्र्याची धार आत रुतते. दांडा घासून खरबरीत करणंही नको, वरचे तंतू कापले जातात आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. दांड्यावरची किमान खोलीची खूण नळीच्या आतच पाहिजे, आणि उभे ओरखडे चालतील पण आडवी चीर दिसली तर दांडा बदलायचाच.

दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर भानगड उलटी, ओलाव्यामुळे कार्बनला लागून ॲल्युमिनियम गंजतं आणि दांडा सरकायच्या ऐवजी आत जाम होतो, म्हणून पावसाळा संपला की एकदा काढून, पुसून, पेस्ट लावून परत बसवायचा.