लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, तरी कॉम्प्युटर का बंद पडतो?

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणार असा महावितरणचा मेसेज आला की पुण्यात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "आपल्याकडे इन्व्हर्टर आहे ना!" पंखे आणि दिवे चालू राहतात, हे खरं. डेस्कटॉप मात्र एखाद्या दिवशी तग धरतो आणि एखाद्या दिवशी झटक्यात रिस्टार्ट होतो. मग बॅटरी उतरली असं समजून ती बदलली जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतोच.

लाइट गेल्याचं इन्व्हर्टरच्या लक्षात यायला आणि त्यातला रिले (विजेवर चालणारा स्विच) 'टक्' करून बॅटरीकडे सरकायला वेळ लागतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं. ते 'यूपीएस' मोडवर असेल तर हा वेळ साधारण 10 ते 15 मिलिसेकंद असतो, दुसऱ्या मोडवर तो 40 पर्यंत जातो. एवढा वेळ कॉम्प्युटर जगतो तो एसएमपीएसमधल्या, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, एका जाडजूड कपॅसिटरवर. कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग.

त्याचा हिशोब शाळेतल्या सूत्राने होतो: साठलेली ऊर्जा म्हणजे धारितेची (कपॅसिटरच्या साठवण्याच्या क्षमतेची) निम्मी गुणिले व्होल्टेजचा वर्ग. घरातली 230 व्होल्टची वीज एसी असते, तिचं शिखर 325 व्होल्टचं. साध्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर या शिखरापर्यंत भरतो. तो 330 मायक्रोफॅरडचा धरला तर ऊर्जा होते सुमारे 17.4 जूल. पण ती सगळी वापरता येत नाही. कपॅसिटर 200 व्होल्टपर्यंत उतरला की एसएमपीएस हात टेकतो असं धरू. तेव्हा आत 6.6 जूल उरलेले असतात. म्हणजे कामाचे 10.8 जूल. कॉम्प्युटर सेकंदाला 200 जूल ओढत असेल, तर ते 54 मिलिसेकंद पुरतात. रिलेला भरपूर सवड.

आता मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. सोसायटीतले सगळे एसी चालू आहेत आणि व्होल्टेज 180 वर आलंय. शिखर 255 व्होल्टच्या आसपास, साठा 10.7 जूल, वापरण्याजोगे 4.1 जूल. म्हणजे 20 मिलिसेकंद. व्होल्टेज जेमतेम बावीस टक्के घसरलं, पण सवड निम्म्याहूनही कमी झाली. कारण सूत्रात व्होल्टेजचा वर्ग आहे आणि तळाचे 6.6 जूल कुठल्याही परिस्थितीत हाती लागत नाहीत. शिवाय कपॅसिटर दर 10 मिलिसेकंदांनी भरतो आणि मधल्या काळात सुमारे 2 जूल रिकामा होतो. लाइट नेमकी पुन्हा भरण्याच्या क्षणाआधी गेली, तर उरतात 2.1 जूल, म्हणजे जेमतेम 10 मिलिसेकंद. रिले अजून वाटेतच असतो. 'कधी टिकतो, कधी नाही' याचं उत्तर इथे आहे. एसएमपीएस जुना झाला की कपॅसिटरची धारिताही घटते आणि हा आकडा आणखी खाली येतो.

काही एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. त्यांच्यात बाहेरचं व्होल्टेज उतरलं तरी कपॅसिटर 380 व्होल्टच्या आसपास राखला जातो, त्यामुळे कमी व्होल्टेजचा हा फटका बसत नाही. मात्र त्यातले काही एसएमपीएस स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज) देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर कुरकुरतात किंवा बंद पडतात. त्यांना साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारख्या गोलसर लहरी देणारा यूपीएस घ्यावा.

म्हणून इन्व्हर्टर असला तरी डेस्कटॉपला वेगळा छोटा यूपीएस हवा. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे 600 वॉट नव्हे, साधारण 360. आत 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी, कागदावर 84 वॉट-तास. जोरात ओढलं की ही बॅटरी निम्मंच देते. 150 वॉटला पंधरा मिनिटं धरा. फाइल सेव्ह करून नीट शटडाउन करायला तेवढी पुरे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका, त्याचा हीटर हजार वॉटच्या घरात ओढतो. यूपीएस टीव्हीच्या बंद कपाटातही कोंबू नका. 25 अंशांच्या वर दर 8-10 अंशांना लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. तपकीर गल्लीत ती सहज मिळते, जुनी तिथेच परत द्या.

लाइट जाण्यापेक्षा येणं जास्त धोक्याचं. न्यूट्रलची तार तुटलेली असताना लाइट परत आली तर घरात 230 च्या जागी 400 व्होल्टच्या दिशेने काहीही येऊ शकतं. लाइट गेली की भिंतीवरचं बटण बंद करा आणि ती परत आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा.

पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर पत्र्यावर जवळपास 115 व्होल्ट आणून ठेवतात. करंट अगदी कमी असतो, पण अर्थिंग तुटल्याची ती खूण आहे. अर्थिंगशिवाय स्पाइक बस्टरचाही (व्होल्टेजचे अचानक झटके रोखणाऱ्या पट्टीचा) निम्मा उपयोग जातो, कारण पत्रा आणि तारा यांच्यातला झटका वळवायला वाटच उरत नाही. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. प्लगात लावायच्या 'वीज बचत' डब्या स्पाइकही रोखतात म्हणून विकल्या जातात, त्यांना भुलू नका. त्यात सहसा एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो, आणि घरगुती मीटर किलोवॉट-तास मोजतो, त्यामुळे बिलही कमी होत नाही.

नवा यूपीएस आणला की सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. प्लग उपटू नका, त्याबरोबर अर्थिंगही सुटतं. बॅटरी किती मिनिटं चालली ते यूपीएसच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर आलं की बॅटरी बदला.